यादी तीनदा वाचायची

भाऊ खडूस होते, असं कुरखेड्यात अजूनही कोणी कोणी म्हणतं. म्हणोत बापडे. ज्यांनी भाऊंच्या खोलीत चपला घालून पाय टाकला, चहाचा कप कीबोर्डजवळ ठेवला, नाहीतर ‘भाऊ, एवढा एक गेम टाकून द्या ना’ म्हणून पेनड्राइव्ह पुढे केला, ते तसं म्हणणारच. मी मात्र त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर वर्षानुवर्षं बसले. मला विचाराल तर तो माणूस खडूस नव्हता, महाखडूस होता. पण हे मी म्हणायचं. दुसऱ्या कोणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही, आधीच सांगून ठेवते.

मी ब्रह्मपुरीची. कॉलेजने माझी जीभ जरा सरळ केली, पण राग आला की ती परत वाकडी होते. कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाला आणि घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. मुलगा कोण, कसा, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. तेवढ्यात कुरखेड्याची ही नोकरी लागली. बाबा म्हणाले, “वर्षभर करू दे, मंग पाहू.” नोकरी सुटली की त्याच दिवशी बस पकडून परत जायचं आणि गुमान बोहल्यावर उभं राहायचं, हे ठरलेलंच होतं. त्यामुळे ती खुर्ची माझ्यासाठी नुसती खुर्ची नव्हती.

नोकरी तरी कसली? तालुक्यातल्या काही गावांच्या ग्रामसभांनी मिळून बसस्टँडमागे दोन खोल्यांचं एक कार्यालय काढलं होतं. जंगलावरच्या हक्काचे दावे, त्यांचे कागद, त्यांचे नकाशे, असं सगळं तिथे चालायचं. नागपूरच्या एका संस्थेने त्यासाठी प्रकल्प दिला होता. प्रकल्पासोबत टेबलं आली, खुर्च्या आल्या, कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेले तीन म्हातारे कॉम्प्युटर आले, भाऊ आले आणि सगळ्यात शेवटी मी आले.

पहिल्या दिवशी मी दारात उभी. आत एक वाळका माणूस, खाकी पँट, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मान वर न करता त्यांनी विचारलं,

“तुले कोणं बोलावलं?”

माझं धाबंच दणाणलं. म्हटलं, “कोणी नाही जी. प्रकल्पात नाव लागलं, म्हणून आले.”

“म्हणजे आपोआप आली.”

टेबलाच्या पायाला सुतळीने बांधलेली एक लांबट वही त्यांनी ओढली. तीत तीन रकाने होते: काय आलं, कोणी बोलावलं, आणि काऊन, म्हणजे कशासाठी. त्यांनी माझं नाव लिहिलं आणि दुसऱ्या रकान्यात ‘आपोआप’ असं लिहून टाकलं. तिसरा रिकामा. मला असला राग आला! पुढे एकदा ते जेवायला गेले असताना मी वही उघडून पहिलं पान पाहिलं. सगळ्यात वर त्यांचंच नाव होतं, त्यांच्याच हातचं. त्याच्यापुढेही ‘आपोआप’, आणि तिसरा रकाना तसाच कोरा. मग माझा राग जरा उतरला.

ती वही होती कॉम्प्युटरांसाठी. आमच्या तिन्ही यंत्रांच्या पोटात जागाच नव्हती. लिनक्स टाकलेलं, तेही जेमतेम मावलेलं. एखाद्या गावाचा नकाशा जरा मोठा झाला की यंत्र म्हणणार, जागा नाही, जतन होत नाही. म्हणून भाऊंचा दंडक असा, की जे लागत नाही ते काढायचं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सफाई व्हायची. आपण एखादा प्रोग्राम टाकला तर तो एकटा येत नाही, आपल्यासोबत पाच-दहा मदतनीस पॅकेजं घेऊन येतो. पुढे तो प्रोग्राम आपण काढला, तरी हे मदतनीस आत तसेच पसरून राहतात. भाऊ त्यांना वऱ्हाडी म्हणत.

“नवरा-नवरी कवाच गेले बाई,” स्क्रीनकडे बोट दाखवून ते म्हणायचे, “आन् हे पाय, हे अजून मांडवात बसून जेऊन राह्यले!”

आता यंत्राला एक आज्ञा दिली की ते स्वतःच असल्या वऱ्हाड्यांची यादी काढून देतं. हे अमुक इतके कोणाला लागत नाहीत, काढू का? हो की नाही? एक बटण दाबायचं की झालं. सगळं जग दाबतं. भाऊ दाबत नसत. ते ती यादी मोठ्याने वाचायचे. एकदा नाही, तीनदा.

ही खोड त्यांना खाणीतून लागली होती. राजुऱ्याकडच्या एका भुयारी कोळसा खाणीत त्यांची अर्धी उमर गेली होती, बत्तीघरात, म्हणजे खाली जाणाऱ्यांना दिवे देतात तिथे. माणूस खाली उतरताना आपला पत्र्याचा बिल्ला तिथे फळ्यावर अडकवून जायचा आणि वर आला की काढून घ्यायचा. फळ्यावर बिल्ला लटकलेला असेल तर माणूस अजून खाली आहे. खालचा एखादा जुना भाग बंद करायचा झाला की भाऊ फळ्यासमोर उभे राहून नावं पुकारत, तीनदा.

“पयल्यांदा कागदासाठी,” ते सांगायचे. “दुसऱ्यांदा आपल्यासाठी. आन् तिसऱ्यांदा, जो अजून बोल्ला नाई त्याच्यासाठी.”

“पण भाऊ, हे तर पॅकेजं आहेत. ते काय बोलणार?”

“म्हणूनच त हळू वाचा लागते.”

घरीही हाच कारभार. एक ताट, एक गिलास, एक गंजी, दोन शर्ट. मी एकदा मोहफुलांचे लाडू घेऊन गेले तर माझ्या चहासाठी त्यांनी शेजारून कप मागून आणला आणि मी शेवटचा घोट घेते न घेते तोच धुऊन परत देऊन आले. कोणीतरी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, तर ते त्यांनी पाया पडून परत केलं. म्हणे, “एक हाय ना मनगटावर. दोघांत येगळा टाईम दिसला त मी कोणाचं आयकू?”

अशा माणसाने लागत नाही ते पटापट फेकून द्यावं की नाही? पण नाही. यंत्रात टाकलेली, यंत्रातून काढलेली प्रत्येक वस्तू एका बिस्किटाच्या डब्यात सीडीवर भरून ठेवलेली असायची. वर चिठ्ठी, काय टाकलं, काय काढलं आणि कोणाच्या सांगण्यावरून. मी हसले तर म्हणाले, “घरातून काढणं येगळं, गावातून काढणं येगळं.”

एकदा मी चुकले. असली चुकले की आजही आठवलं की कान गरम होतात.

आमच्या एका गावच्या लोकांनी आपल्या जंगलाची हद्द पायी फिरून मोजली होती. हातात जागा सांगणारं छोटं यंत्र, पुढे गावचे एक म्हातारे आजोबा, मागे बायामाणसं. नाला कुठे वळतो, देवाचं ठाणं कुठे, टेंभुर्णीचा पट्टा कुठे संपतो, सगळं पायाखालून घातलेलं. ते आकडे आमच्या तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर होते आणि त्यांचा नकाशा काढणारा प्रोग्राम भाऊंनी स्वतः बांधून त्यावर बसवला होता. गावचे लोक नकाशा पाहायला सकाळच्या बसने येणार होते. दुसऱ्या दिवशी तो तालुक्याच्या सरकारी साहेबांपुढे मांडायचा होता.

नेमकी यंत्रात जागा नव्हती. भाऊ यायचे होते. मी म्हटलं, चला, आपणच सफाई करून टाकू. आज्ञा दिली. ही लांबलचक यादी आली. वाचायचा कंटाळा! दाबलं बटण. भराभरा ओळी पळाल्या, बरीच जागा मोकळी झाली. मला तर स्वतःचंच कौतुक वाटलं.

लोक आले. जोहार झाले, पाणी झालं. मी ऐटीत नकाशाचा प्रोग्राम उघडायला गेले आणि तो उघडेचना. दोनदा, तीनदा. नुसती एक ओळ यायची की अमुक सापडत नाही.

झालं होतं असं, की भाऊंनी हा प्रोग्राम हाताने बांधलेला, म्हणून यंत्राच्या दप्तरी त्याची नोंदच नव्हती. त्याला लागणारे मदतनीस यंत्राला बिनकामाचे वाटले. कोण कोणावर टेकलंय हे यंत्राला दिसत नाही हो, त्याला फक्त लिहिलेलं दिसतं. आणि मी न वाचता ‘हो’ म्हणून बसले होते.

भाऊ आले तेव्हा मी रडायच्या बेतात. त्यांनी स्क्रीन पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

“वाचली होती का यादी?”

“नाही.”

“मंग आता वाच.”

“आता?”

“आता. यायच्यासमोर. तीनदा.”

काढलेल्यांची यादी यंत्रात होतीच. मी उभी राहून वाचू लागले. लिब अमुक, लिब तमुक, लिब ढमुक. दुसऱ्या फेरीला ते म्हातारे आजोबा हळूच भाऊंना म्हणाले,

“भाऊ, हे सारे एकाच कुळाचे हायत का जी?”

“हो जी, एकाच कुळाचे,” भाऊ एकदम गंभीर. “म्हणूनच त एकाले काढलं का दुसऱ्याले दुखते.”

आजोबांनी मान हलवली, जणू ही गोष्ट सांगायची गरजच नव्हती. मग प्रत्येक नावाला ते ‘हो’ म्हणू लागले आणि त्यांच्या मागे बायाही. मला हसू फुटलं, रडू फुटलं, नाक पुसत पुसत मी तिसरी फेरी पुरी केली. त्या फेरीत भाऊ प्रत्येक नावाला चिठ्ठी पाहून डब्यातून त्याची सीडी काढत होते. दुपारपर्यंत सगळं कूळ परत घरात आलं आणि नकाशा उघडला. आजोबांनी स्क्रीनवरच्या नाल्यावर बोट ठेवलं, जिथे ते स्वतः घसरून पडले होते ती जागा दाखवली, आणि सगळी खोली हसली.

लोक गेल्यावर भाऊंनी मला एक आज्ञा शिकवली. ती दिली की त्या पॅकेजपुढे यंत्राच्या दप्तरी खूण होते, हे आपोआप आलेलं नाही, हे कोणीतरी हाताने ठेवलेलं आहे. मग यंत्र त्याला कधी हात लावत नाही.

“पण कशाला ठेवलं ते कुठे लिहायचं?” मी विचारलं.

“काऊन ठेवलं हे त्याले नाई कळलं तरी चालते. ठेवलं, एवढं कळलं पायजे.”

त्या दिवशी त्यांनी मला एका शब्दाने झापलं नाही. झापलं असतं तर बरं झालं असतं, इतकं ते मला लागलं.

पुढे व्हायचं तेच झालं. प्रकल्प संपला.

नागपूरहून एक साहेब आले. चांगले कडक इस्त्रीचे. कार्यालयात ग्रामसभांच्या समितीची बैठक बसली. समितीच्या अध्यक्षबाई धानाची रोवणी सोडून आल्या होत्या, पायाचा चिखल नुकता धुतलेला. ते आजोबाही होते. साहेबांनी कागद काढला आणि म्हणाले, “प्रकल्पासोबत जे जे आलं, ते ते प्रकल्पासोबत जाईल. नियमच आहे तसा. फक्त सही करा.”

अध्यक्षबाईंनी कागद भाऊंकडे दिला. “वाचा भाऊ.”

भाऊंनी चष्म्याची दोऱ्याची काडी कानावर नीट बसवली आणि मोठ्याने वाचायला घेतलं. टेबलं. खुर्च्या. कपाट. कॉम्प्युटर. प्रिंटर. इन्व्हर्टर. इन्व्हर्टरची बॅटरी. आणि त्याच्याखाली, मनुष्यबळ, दोन. माझं नाव बॅटरीच्या खाली होतं! वाटलं, उठावं आणि तो कागद साहेबाच्या तोंडावर मारावा. डोळ्यांपुढे ब्रह्मपुरीची बस दिसत होती, आणि घरातली ती बोलणी.

“झालं ना वाचून?” साहेब म्हणाले.

“एकदा झालं,” भाऊ म्हणाले.

दुसऱ्यांदा सुरू केलं. आता प्रत्येक नावाला ते थांबत आणि समितीला विचारत, याच्यावर का टेकलं हाय? तीन नंबरचं टेबल आणि दोन खुर्च्या सोडल्या तर बाकीच्यांवर काही टेकलं नव्हतं, न्या म्हणाले लोक. कपाट न्या. प्रिंटर न्या. दोन कॉम्प्युटर न्या, तीन नंबर ठेवा, त्यात नकाशे आहेत. साहेब घड्याळ पाहू लागले. मग माझं नाव आलं.

“हिच्यावर का टेकलं हाय?”

मी मान खाली घातली. आणि मग आजोबा बोलले,

“आमचं गाव टेकलं हाय जी. त्या दिशी हे पोरगी आमच्यासमोर उभी राहून आपली चूक वाचून राह्यली होती, तीनदा. कोणता साहेब वाचते?”

एक बाई म्हणाली, माझ्या दाव्याचा कागद हिनंच दोनदा दुरुस्त केला. दुसरी म्हणाली, आमच्या गावाले ही पायी आली होती. अध्यक्षबाईंनी एवढंच विचारलं, “राह्यशील का बाई? समिती ठेवते तुले.” मी नुसती मान डोलवली.

“खोडा साहेब हे नाव,” त्या म्हणाल्या. “पुढं वाचा भाऊ.”

भाऊंनी पुढचं नाव वाचलं. त्यांचंच. त्याच आवाजात, प्रिंटरचं वाचलं होतं तसं.

“याच्यावर काई टेकलं नाई,” ते म्हणाले. “आपोआप आलेला हाय. न्या. झालं.”

आणि कागदाची घडी घालून साहेबाला द्यायला हात पुढे केला.

अगं बाई! मी पाहतच राहिले. बाकीचेही गांगरले. भाऊ असं झटक्यात म्हणाले की कोणाला तोंड उघडायला सवडच मिळाली नाही. साहेब पेनाचं टोपण काढू लागले. आणि मग माझी कॉलेजची जीभ गेली आणि ब्रह्मपुरीची आली.

“थांबा,” मी म्हटलं. “दुसरीच झाली आता.”

“पुरे हाय,” भाऊ गुरगुरले.

“पुरे कसं? यादी तीनदा वाचा लागते. कोणं शिकोलं मले? तिसरी कोणासाठी असते?”

त्यांच्या हातातला कागद मी हिसकावून घेतला. देवाशप्पथ, हिसकावलाच. आणि वाचलं. टेबलापासून नाही, सरळ शेवटचं नाव. हळू वाचलं. मग म्हटलं,

“याच्यावर तीन नंबर टेकला हाय, तो दुसऱ्या कोणाच्या बापाच्यानं चालत नाई. याच्यावर तो डबा टेकला हाय. याच्यावर साऱ्या गावाचे नकाशे टेकले हायत. आन् मी टेकली हावो, मी! मले हाकलायची यादी वाचून राह्यले होते आन् मलेच वाचोलं यायनं. हा माणूस जाते त मीबी जातो, घाला मले बॅटरीखाली!”

रडत होते की ओरडत होते, मलाच कळत नव्हतं. आजोबा मोठ्याने ‘हो’ म्हणाले. नावापुढे म्हणायचे तसंच. मागून बायांनी म्हटलं, हो. अध्यक्षबाई म्हणाल्या, “हो. लिव बाई.”

मी टेबलाच्या पायाची सुतळी ओढली, वहीचं नवं पान काढलं आणि लिहिलं. काय आलं, भाऊ. कोणी बोलावलं, आम्ही. ‘आपोआप’ला तिथे जागाच ठेवली नाही.

भाऊ लालबुंद झाले होते. “मले विचारलं का कोणं?”

“पॅकेजले विचारते का कोणी?”

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, उगाच पुसत राहिले. मग वहीवर वाकून म्हणाले, “काऊनचा रकाना रिकामा हाय तुहा.”

“राहू द्या रिकामा. ठेवलं, एवढं कळलं पायजे.”

साहेबांना आता घाम फुटला होता. “अहो, असं वहीत लिहून माणूस ठेवता येत नाही,” ते म्हणाले. “याला नियम काय? असली नोंद मी मान्य करू शकत नाही.”

इतका वेळ माझ्यावर डोळे वटारणारे भाऊ सावकाश वळले. वही साहेबांपुढे सरकवली, त्या पानावरच्या खालच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं आणि आपलं पेन त्यांच्या हातात दिलं.

“साहेब, आंधी इथी आपलं नाव लिवा,” ते म्हणाले. “आन् मंग सांगा. तुमाले कोणं बोलावलं?”

अध्यक्षबाई आधी हसल्या, मग सगळी खोली. साहेब बिचारे भांबावून नाव लिहून बसले.

त्यानंतर भाऊ डोळे साथ देईनासे होईपर्यंत त्या खुर्चीवर होते. आता ते राजुऱ्याला लेकीकडे असतात आणि फोनवर पहिल्या सोमवारची यादी माझ्याकडून वाचून घेतात, तिन्ही वेळा. मी अजून कुरखेड्यातच आहे. वही तिथेच आहे, सुतळीला बांधलेली. त्या पानावर साहेबांच्या नावापुढचा ‘कोणी बोलावलं’चा रकाना आजही रिकामा आहे.